चिंचेचा हात

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली की आमच्या घरची तांब्या-पितळेची भांडी परसात निघतात. पितरांची घागर मातीची, ती बाजारातून नवी येते. तिच्यावर ठेवायचं डांगरही नवं. पण हंडा, ताम्हन, लोटी, समया हे सगळं जुनं, वर्षभर माळ्यावर काळवंडत पडलेलं. नोकरीतून मोकळा झाल्यावरची ही माझी पहिली आखाजी. वहिनी सांजोऱ्यांत गुंतलेली, भाऊ मळ्यात, आणि मी बाजेवर पेपर उघडून बसलेलो. मायने भिजवलेल्या चिंचेचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "नुसता बठेल शे, घास ना."

हंडा घेतला. चिंचेचा कोळ फिरला की काळपट थर सुटतो आणि खालून गुलाबी तांबं उघडं पडतं. लहानपणी ही जादू वाटायची. आता भांडी घासतानाही रसायनशास्त्र आठवतं, हा रोग आहे. तीस वर्षं जडलेला रोग आखाजीपुरता कसा सुटणार? चिंचेत टार्टारिक आम्ल असतं हे शाळेच्या पुस्तकातही होतं. ते तांब्यावरचा ऑक्साइड खातं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या रेणूच्या मधोमध दोन ओएच गट शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि त्या दोन बोटांच्या चिमटीत ते धातूचा अणू धरून ठेवतं. बी.एस्सी.ला साखर ओळखायला फेहलिंगचं निळंशार द्रावण वापरायचो, त्यातलं तांबं गाळ होऊन तळाशी बसत नाही ते याच चिमटीमुळे.

माझी सगळी नोकरी या चिमटीवर उभी राहिली. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही आबांच्या एका प्रश्नामुळे.

तो प्रश्न १९९८च्या उन्हाळ्यातला. मी पुण्यात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि आठवडाभर घरी आलो होतो. तोवर गावात कुणी विचारलं की "औषधं बनवतो" एवढं सांगून मी सुटायचो. त्याचा परिणाम असा की घरी आलो की दोन-तीन जण गुडघे दाखवायला यायचे. त्या दिवशी रात्री ओट्यावर आबांनी सरळ विचारलं, "नेमकं काय करस रे तू तठे?"

मी दोन्ही हात पुढे धरले. सगळे केमिस्ट तेच करतात. म्हटलं, हे दोन हात आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहेत, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. काही रेणूही असेच असतात, डावे आणि उजवे. आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "दोन्ही सारखाच त शेतस." त्यांचंही खरंच होतं.

मग मला विळा आठवला. आमच्याकडे कापणीला येणाऱ्या बायांत एक डावरी होती. विळ्याची धार एकाच अंगाने लावलेली असते. उजव्या हातात तो पिकाच्या ताटाच्या बुडाला नीट बसतो. तोच डाव्या हातात घेतला की धार उलटी येते आणि ताट कापण्याऐवजी पातं घसरतं. तिने लोहाराकडून स्वतःपुरता वेगळा विळा घडवून घेतला होता. तो दुसऱ्या कुणाला चालायचा नाही म्हणून चोरीलाही जायचा नाही. पोलाद तेच, वजन तेच, फरक फक्त धार कुठल्या अंगाला आहे याचा. आबांना हे एका क्षणात कळलं. "म्हंजे तू डावरा इळा बनाडस."

मी म्हटलं, नाही, मी लोहार बनवायला शिकतोय. ज्याच्या हातून फक्त डावरे विळेच घडतील असा लोहार. एकच लोहार हजारो विळे घडवतो आणि स्वतः त्यात संपत नाही. उत्प्रेरक या शब्दाचा इतका चांगला अर्थ मी त्याआधी कुणाला सांगितला नव्हता, त्यामुळे मी खुशीत होतो. आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग त्या लोहारले डावरा कोन करस?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे उत्तर नव्हतंच.

अमळनेर म्हटलं की बाहेरच्यांना साने गुरुजी आठवतात, नाहीतर बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा. आमच्या धंद्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली. पुढे जगाने तिला विप्रो म्हणून ओळखलं. (बंगळुरात संगणकावर बसणाऱ्या माझ्या पुतण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग मोबाइलवर तपासून बघतो.) वनस्पती तूप करणं म्हणजे निकेलच्या भुकटीच्या साक्षीने तेलात दाबाखाली हायड्रोजन भरणं. तेलातले दुहेरी बंध हायड्रोजन घेतात आणि पातळ तेल थिजतं. निकेल होतं तेवढंच राहतं. म्हणजे उत्प्रेरकी हायड्रोजनीकरण हे जड नाव ज्याला आहे ते काम आमच्या गावात माझ्या जन्माआधीपासून पाळ्यांमध्ये चालत होतं.

आता दुहेरी बंध म्हणजे तव्यावरची भाकरी समजा, सपाट. हायड्रोजन वरच्या अंगाने बसला तर काही रेणूंमध्ये डावा माल तयार होतो, खालच्या अंगाने बसला तर उजवा. निकेलला वरचं-खालचं कळत नाही, ते दोन्ही अंगांनी सारखंच भाजतं. तुपाला त्याने काही बिघडत नाही. औषधाला बिघडतं, कारण आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. डाव्या हातमोज्यात उजवा हात जात नाही, तसंच ते. पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. पुदिन्याच्या वासातला मुख्य रेणू कार्व्होन. बाळंतिणीला देतात त्या बाळंतशेपेतही कार्व्होनच, तेच अणू, तेच बंध, फक्त आरशातला. नाक दोघांना वेगळं ओळखतं. नाकाला कुणी एम.एस्सी. शिकवलेलं नसतं.

बी.एस्सी. अमळनेरला प्रताप महाविद्यालयात झाली. ध्रुवणमापी तिथेच पहिल्यांदा पाहिला. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा, नळीत साखरेचं पाणी, आणि प्रकाशाची पातळी वळलेली. पाश्चरची गोष्ट सरांनी त्याच खोलीत सांगितली. १८४८ साली त्याने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. त्यांत डावे आणि उजवे असे दोन प्रकार दिसले, ते त्याने चिमट्याने एक-एक करून वेगळे केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश एकीकडे वळवला, दुसऱ्याने दुसरीकडे. सरांनी सांगितली नाही ती गंमत मला पुढे वाचनात सापडली. तो क्षार साधारण २७-२८ अंशांच्या खाली थंड झाला तरच त्याचे डावे-उजवे स्फटिक वेगवेगळे पडतात. त्याहून गरम असेल तर दोन्ही हात एकाच स्फटिकात गुंतून बसतात आणि निवडायला काही उरत नाही. पाश्चर अमळनेरला असता तर वैशाखातल्या ४४ अंशांत त्याच्या हाती काही लागलं नसतं, आणि आमचं शास्त्र हिवाळ्यापर्यंत थांबलं असतं.

जळगावला एम.एस्सी. केलं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तेव्हा नुकतंच, १९९० साली, पुण्यापासून वेगळं झालेलं. त्यानंतर जे खानदेशातली निम्मी केमिस्ट पोरं करायची तेच मी केलं. ताप्ती लाइनची गाडी धरली, नंदुरबार, नवापूर, सुरत, आणि पुढे अंकलेश्वर. दीड वर्ष शिफ्ट केमिस्ट होतो. त्या दीड वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून रिॲक्टरच्या तापमानाची नोंद करता करता मी कवितेसारखं काहीतरी वहीच्या मागे लिहायचो, ते सुदैवाने हरवलं.

एक गोष्ट मात्र तिथे शिकलो. आम्ही जो माल बनवायचो तो रेसिमिक होता, म्हणजे अर्धा डावा, अर्धा उजवा. त्यातला एकच हात कामाचा. मी सुपरवायझरला विचारलं, मग उरलेल्या अर्ध्याचं काय? तो म्हणाला, "काय म्हणजे? तोही गोळीत जातो." अशी पुष्कळ औषधं आहेत. आयबुप्रोफेनचंच बघा. त्याचा कामाचा हात एक, पण बहुतेक गोळ्यांत दोन्ही येतात, आणि बिनकामाचा हात शरीर बऱ्याच प्रमाणात स्वतःच कामाच्या हातात बदलून घेतं. उलट उदाहरण म्हणून सगळे थॅलिडोमाइड सांगतात. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते विकायला आलं, गरोदर बायांनी घेतलं, आणि १९६१च्या शेवटी मागे घेतलं जाईपर्यंत हजारो मुलं अपंग जन्मली. व्याख्यानांत सांगतात की एक हात झोपेचा आणि दुसरा घातक, वेगळे केले असते तर सगळं टळलं असतं. मला हे अर्धसत्य वाटत आलं आहे. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात एकमेकांत बदलतात, त्यामुळे शुद्ध हात दिला असता तरी पोटात दोन्ही झाले असते. आमच्या विषयाला महत्त्व मिळावं म्हणून ही गोष्ट इतकी सोपी करून सांगायची गरज नाही.

पुण्याला आलो तेव्हा वाटलं होतं की इथे हुशारी लागेल. प्रत्यक्षात लागली ती कोरडी भांडी. माझं काम शार्पलेसच्या इपॉक्सिडेशनवर होतं, म्हणजे दुहेरी बंधावर ऑक्सिजन चिकटवण्यावर. बॅरी शार्पलेस आणि त्सुतोमु कात्सुकी यांनी ती पद्धत १९८० साली काढली. टायटॅनियमचा एक अल्कॉक्साइड, टार्टारिक आम्लाचा एस्टर आणि एक पेरॉक्साइड, एवढंच. टायटॅनियमचे दोन अणू आणि टार्टारिकचे दोन रेणू मिळून एक जोडी बनते. तो आमचा लोहार. दुहेरी बंधाच्या कुठल्या अंगाला ऑक्सिजन चिकटवायचा हे तो ठरवतो. त्यात ओल मुरली की तो बिघडतो. १९८६च्या सुमाराला शार्पलेसच्याच गटाने दाखवलं की पाणी शोषणारी मॉलिक्युलर सिव्ह घातली तर उत्प्रेरक शंभराला पाच-दहा भाग एवढा थोडा पुरतो.

आमच्याकडे निकाल ईईमध्ये मोजतात. ईई म्हणजे एका हाताचं दुसऱ्यावरचं मताधिक्य. शंभरातली ९७ मतं एकाला आणि ३ दुसऱ्याला पडली तर ईई ९४. मार्चमध्ये माझा ईई ९४ यायचा. मी घरी पत्र टाकलं की काम संपत आलं. जुलैत पाऊस लागला आणि ईई ६८वर आला. मग ६१. रीएजंट बदलले, पेरॉक्साइड नवं केलं, रात्री जागून उणे २० अंशांवर राखण बसलो. सरांना तोंड दाखवायची लाज वाटायची. दोन महिन्यांनी शेजारच्या लॅबमधल्या एका तमिळ सीनियर बाईंनी सहज विचारलं, सिव्ह किती अंशांवर तापवतोस? ओव्हन ११० अंशांवर होता. तेवढ्याने सिव्हमधलं पाणी निघतच नाही, दोनशेच्या वर आणि निर्वातात तापवावी लागते. उन्हाळ्यात हवाच कोरडी होती म्हणून माझं अज्ञान झाकलं गेलं होतं. मार्चमधलं ते ९४ माझ्यापेक्षा हवेचं होतं.

त्या दोन वर्षांत मी टार्टारिक एस्टरच्या किती बाटल्या उघडल्या असतील! बाटलीवरचं नाव रोज वाचायचो आणि एकदाही चिंच आठवली नाही. आठवली असती तर १९९८ साली ओट्यावर आबांना उत्तर देता आलं असतं. उत्तर माझ्या खिशातच होतं.

ऑक्टोबर २००१मध्ये शार्पलेसला नोबेल मिळालं. त्याच्यासोबत जपानचे नोयोरी आणि अमेरिकेचे विल्यम नोल्स. नोल्सची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. ते प्राध्यापक नव्हते, सेंट लुईसला मोन्सँटोमध्ये नोकरीला होते. १९६८ साली त्यांनी ऱ्होडियम या धातूला एका हाताचा फॉस्फीन (धातूला धरून बसणारा फॉस्फरसचा रेणू) जोडून हायड्रोजनीकरण केलं, तेव्हा ईई आला १५. म्हणजे साडेसत्तावन्न विरुद्ध साडेबेचाळीस, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही याहून मोठे निकाल लागतात! पण शून्य नव्हतं, हेच मोठं. तिथून ते कंपवाताच्या एल-डोपा या औषधापर्यंत पोचले आणि सत्तरच्या दशकात ते कारखान्यात करून दाखवलं. नोबेल मिळालं तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि निवृत्तीला १५ वर्षं झाली होती.

एल-डोपा निसर्गात कुठे मिळतो माहीत आहे? खाजकुइलीच्या बीत. माझ्या मामाचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुइलीची लव टाकून मार खाल्लेल्या पोरांत मी होतो. लव पोरांना कळायची, बी आयुर्वेदाला कळलं होतं, आणि त्यातलाच रेणू एका हाताने करायला ऱ्होडियम लागलं.

या ऱ्होडियममागे एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला अजून चकवते. उत्प्रेरक आणि कच्चा माल एकत्र आले की दोन जोड्या होतात, एक चांगली घट्ट बसणारी, दुसरी कशीबशी. द्रावणात पाहिलं तर पहिलीच ढिगाने दिसते. सगळ्यांना वाटायचं, तीच माल घडवते. शिकागोच्या जॅक हाल्पर्न यांनी मोजून दाखवलं की ती घट्ट जोडी हायड्रोजनला जवळजवळ दादच देत नाही. जी दिसतही नाही इतकी थोडी असते ती झपाट्याने काम उरकते, आणि आपल्या हाती येतो तो सगळा माल तिचाच. लॅबमध्ये, ऑफिसात, आणि माझ्या भावाच्या शेतावरही मी हे पाहिलं आहे, पण रसायनशास्त्राचा दाखला माणसांना लावू नये असं सर सांगायचे, म्हणून इथेच थांबतो.

आणि हे सगळं किती थोडक्या फरकावर चालतं! ९९ विरुद्ध १ असा निकाल लागायला डाव्या आणि उजव्या मालाकडे जाणाऱ्या दोन वाटांच्या चढांत फक्त पावणेतीन किलोकॅलरीच्या आसपास फरक लागतो. इथेनसारख्या साध्या रेणूला स्वतःच्या बंधाभोवती फिरायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते.

पुढची बावीस वर्षं हैदराबादला, औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात. इथे खरं बोलायला हवं. तरुणपणी मला वाटायचं की मी देशाला ऱ्होडियम-रुथेनियम शिकवणार. नोयोरींच्या बायनॅप या फॉस्फीनवर मी तीन वर्षं घालवली. प्रयोगशाळेतल्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भांड्यात, ९८ ईई यायचा. पायलट प्लांटमध्ये ८४ आला. कारण शोधायला सहा आठवडे गेले. मोठ्या भांड्यात ढवळणं कमी पडत होतं, हायड्रोजन द्रावणात उतरेपर्यंत वाट पाहणारा दुहेरी बंध आपली जागा सोडून शेजारी सरकत होता, आणि सरकलेल्या बंधावर आमचा लोहार दुसऱ्याच हाताचा विळा घडवत होता. ढवळणीचं पातं बदललं, ९७ आला, आम्ही पेढे वाटले. पुढच्या महिन्यात खर्चाची बैठक झाली. "ईई सुंदर आहे," वरिष्ठ म्हणाले, "किलोमागे किती?" धातूची किंमत, फॉस्फीनची किंमत, आणि औषधात धातूचा अंश दहा पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत आणायचा तर त्याचा वेगळा खर्च. प्रोजेक्ट बंद.

त्या जागी जे आलं ते मला तेव्हा अपमानासारखं वाटलं. रेसिमिक माल बनवा, त्यात टार्टारिक आम्ल घाला. एका हाताचा क्षार स्फटिक होऊन खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. गाळा. उरलेल्याला पुन्हा रेसिमिक करा आणि परत घाला. या पद्धतीचं मूळही पाश्चरच, १८५३चा. गोदामात टार्टारिकची निळी पिंपं आली. वाइनच्या पिंपांच्या तळाशी जी खरवड साचते तिच्यापासून ते करतात. माझ्या हाताखालून प्लांटपर्यंत गेलेल्या प्रक्रिया मोजल्या तर पिंपांवर चाललेल्या जास्त आहेत आणि ऱ्होडियमच्या दोन. चकचकीत शोधनिबंधांच्या देशात राहिलो, पण पोट पिंपाने भरलं.

दरम्यान २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांचा निबंध आला. सिटाग्लिप्टिन हे मधुमेहाचं औषध. त्याचा हात घडवायला मर्क ऱ्होडियम आणि जोसिफॉस हा फॉस्फीन वापरायची. ती पायरी काढून त्यांनी जनुकांत बदल करून घडवलेलं एन्झाइम बसवलं. कचरा १९ टक्क्यांनी घटला, त्याच भांड्यांतून निघणारा माल ५३ टक्क्यांनी वाढला. मी तो निबंध कँटीनमध्ये वाचला आणि चहा गार झाला. आम्ही ज्याच्यासाठी डोळे फोडून घेतले ते जिवाणूच्या प्रथिनाने सहज केलं. आता आबा तीच गोळी घेतात. जुलै २०२२मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि किंमत धाडकन उतरली, तेव्हा अमळनेरच्या मेडिकलवाल्याने स्वतः आबांना सांगितलं. त्यांच्या गोळीतला हात ऱ्होडियमने घडवला की एन्झाइमने, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. मीही विचारत नाही.

तर, हंडा घासत होतो. बाजूला आबा खुर्चीवर. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण विचारलेला प्रश्न ते विसरत नाहीत. मी मोठ्याने म्हटलं, "आबा, तो लोहार." त्यांनी मान वळवली.

मी सांगायला लागलो. शार्पलेसच्या लोहाराला हात चिंचेतल्या रेणूचा. त्याच्याही आधी, १९७१च्या सुमाराला, फ्रान्सच्या हेन्री कागान यांनी डायॉप नावाचं फॉस्फीन केलं, तेही टार्टारिकपासून. नोबेलच्या यादीत त्यांचं नाव नाही, याची आमच्या पिढीतल्या पुष्कळांना अजून रुखरुख आहे. ॲसिडिटीवर लोक एसोमेप्राझोल घेतात, त्यातला गंधकाचा हात टायटॅनियम आणि टार्टारिकने ठरतो; फक्त तिथे चिंचेतला चालत नाही, आरशातला टार्टारिक लागतो. मला वाटायचं, नोयोरींचा बायनॅप तरी माणसाने शून्यातून केला असेल, त्यात झाडपाल्याचं काही नाही. पण तो आधी दोन्ही हातांचा तयार होतो, आणि ते वेगळे करायला त्यांनी जे वापरलं त्यात एकदा कापरापासूनचं आम्ल होतं, एकदा टार्टारिकचं. म्हणजे पितळी ताटात आरतीला जळतो तो कापूर, नाहीतर पातेल्यातली ही चिंच. एन्झाइमही एकाच हाताच्या अमिनो आम्लांचं. तीस वर्षांत मी शून्यातून एकही हात निर्माण केला नाही. सगळे उसने आणले.

पुष्कळ लोक उत्प्रेरकाला विरजण म्हणतात. मी म्हणू देत नाही. विरजणाने दही होतं आणि त्या दह्याचंच पुढे विरजण होतं. उत्प्रेरक असा वाढत नाही. फक्त एकदा माझी जिरली. १९९५ साली जपानच्या केन्सो सोआई यांनी अशी एक प्रक्रिया दाखवली की तिच्यात तयार झालेला माल स्वतःच पुढच्या मालाचा लोहार होतो, आणि सुरुवातीचं नगण्य मताधिक्य वाढत वाढत एकतर्फी होतं. खरंखुरं विरजण.

एवढं सगळं आबांना अर्थातच सांगितलं नाही. सांगितलं इतकंच, की लोहाराला डावरा चिंच करते. आबा हसले. मग थोडा वेळ पातेल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आनि चिंचले कोन करस?"

चिंचेच्या पानातल्या एन्झाइमांनी, म्हटलं. त्यांना त्यांच्या अमिनो आम्लांनी. आणि त्यांना? ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ १९६९ साली एक उल्का पडली, तिच्यातल्या काही अमिनो आम्लांत डाव्या हाताचं थोडंसं आधिक्य सापडलं. म्हणजे हाताचा कल कदाचित पृथ्वीच्याही आधीचा. आबांना हे पटलं नसावं. आकाशातून दगड पडतात इथवर त्यांना मान्य होतं, पण दगडाला हात असतो हे जरा जास्त झालं. ते पुन्हा फाटकाकडे बघायला लागले, नात यायची होती.

मायने बाजेवरून हात लांब केला, हंडा उचलून उलटा धरला, आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

"बूड ऱ्हाई गयं."